कारागीर गप्प का राहतात?

प्रश्न : गोवंडीत माझा शिलाईचा छोटा कारखाना आहे, १२ कारागीर. कटिंग चुकलेलं दिसूनही कुणी बोलत नाही. माल परत आला की कळतं. काय करू?

उत्तर : मागच्या वेळी ज्याने चूक दाखवली, त्याला तुम्ही काय म्हणालात, ते आधी आठवा. कारागिराचं पोट नगावर असतं. काम थांबवून बोलला तर मजुरी त्याचीच बुडते. तेवढा वेळ त्याला भरून द्या. शिवाय तोटा आपलाही आहे असं वाटलं, तर माणूस बोलतो. १९५९ मध्ये गिरगावात ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे लाटणारी बहीणच मालकीण, नफा-तोटाही तिचाच. तुम्हाला एवढं जमणार नाही कदाचित, पण परत आलेल्या मालाचा हिशेब सगळ्यांसमोर मांडता येईल. येत्या शनिवारीच मांडा, आणि सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करा.