सभागृहासाठी डिजिटल मिक्सर निवडताना

ग्वाल्हेरमध्ये गाण्याचं सभागृह काढायचं, तर ऐकणारे जाणते असणार हे गृहीत धरावं लागतं. हस्सू-हद्दू खाँची गायकी या गावची. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तीच शिकून महाराष्ट्रात आले. 1918 साली इथे माधव संगीत महाविद्यालय निघालं आणि 2023 मध्ये युनेस्कोने या शहराला संगीतनगरीचा मान दिला. अशा गावात, हरिशंकरपुरमसारख्या निवासी वसाहतीत, दीड-दोनशे श्रोत्यांचं छोटं सभागृह डोळ्यांसमोर ठेवून ही कृती लिहिली आहे. बहुतेक मंडळं आधी दुकानात जातात, मॉडेल पसंत करतात आणि मग त्यात आपला कार्यक्रम बसवू पाहतात. क्रम उलटा हवा. आधी मंच, मग कलाकारांचे कान, मग मिक्सर चालवणारा माणूस, आणि मॉडेल सगळ्यात शेवटी.

1. मंचावरचे माइक कागदावर मांडा

वर्षभरात आपल्याकडे काय काय होणार, त्यातले सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे कार्यक्रम निवडा. ख्यालाची बैठक घ्या: गायक 1, मागे साथ देणारा 1, तानपुरे 2, तबल्याला डग्ग्यासह 2, पेटी 1, स्वरमंडल 1, निवेदक 1. झाले 9. आता गणेशोत्सवातला नाट्यगीत-भावगीतांचा कार्यक्रम घ्या: गायक 3, निवेदक 1, तबला 2, ढोलकी 2, ऑर्गन 1, बासरी 1, व्हायोलिन 1, दोन सिंथेसायझर स्टिरिओ म्हणून 4, ऑक्टोपॅड 2, गिटार 1, साइड ऱ्हिदम 2, लॅपटॉप 2. हे 22 झाले. म्हणजे गरज 24 इनपुटची आहे. रोजच्या बैठकीला 16 पुरतील, पण उत्सवाच्या दिवशी मिक्सर भाड्याने आणायचा नसेल तर 24 धरा. दोनशे श्रोत्यांसाठी 32 वर मुद्दाम जादा पैसा घालू नका. तो पैसा चांगल्या माइकवर आणि स्टँडवर खर्च करा.

2. मॉनिटर मोजा, खरी परीक्षा इथे आहे

मॉनिटरमध्ये, म्हणजे कलाकाराकडे तोंड केलेल्या मंचावरच्या स्पीकरमध्ये, गायकाला तानपुरा आणि पेटी हवी असते, तबला थोडा. तबलजीला गायकाचा आवाज स्वच्छ हवा असतो, स्वतःचा तबला जवळजवळ नकोच. पेटीवाल्याचं मागणं तिसरंच. प्रत्येकाचं मिश्रण वेगळं, म्हणून प्रत्येकासाठी मिक्सरमधून वेगळी वाट हवी. तिला ऑक्स किंवा मिक्स बस म्हणतात. ती प्री-फेडर करता आली पाहिजे, नाहीतर श्रोत्यांसाठी पेटी कमी केली की गायकाच्या मॉनिटरमधूनही पेटी जाते आणि तो वळून तुमच्याकडे पाहतो. बैठकीला 4 मॉनिटर, मोठ्या कार्यक्रमाला 6.

त्यापुढे श्रोत्यांसाठी डावा-उजवा 2, सबवूफर 1, ग्रीनरूमचा स्पीकर 1. आउटपुटची बेरीज 10 होते. हा आकडा इनपुटच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण इनपुट स्टेज बॉक्स, म्हणजे मंचावर ठेवायचा जोडण्यांचा डबा, लावून वाढवता येतात, बसेस मात्र कारखान्यातून जितक्या आल्या तितक्याच राहतात. प्रत्येक बसला स्वतःचा इक्वलायझर आहे का, तेही विचारा. मॉनिटरची शिट्टी तिथेच दाबावी लागते.

3. जाहिरातीतला आकडा सोडा, मिक्सरची मागची बाजू वाचा

‘चॅनल’ हा शब्द फसवा आहे. बेहरिंजर एक्स-32 ला 40 चॅनल म्हणतात, त्यात माइकचे 32 आणि ऑक्सचे 8. त्याच्या 25 बसेसमध्ये 16 मिक्स, 6 मॅट्रिक्स आणि उरलेल्या मुख्य आउटपुटच्या. यामाहा डीएम-3 वर 22 चॅनल लिहिलेले असतात, प्रत्यक्षात माइक 16 लागतात. त्याला मिक्स बस 6 आणि मागे आउटपुट 8, म्हणजे 6 मॉनिटर आणि डावा-उजवा लावला की जागा संपली. ॲलन अँड हीथचा एसक्यू-5 एकावेळी 48 चॅनल हाताळतो, पण माइकसाठी त्याच्या अंगावर 16 च जागा आहेत. बाकीचे स्टेज बॉक्समधून येतात आणि त्या बॉक्सची किंमत वेगळी. यातला कोणताही मिक्सर वाईट नाही. आपल्या कागदावरचे 24 आणि 10 हे आकडे हातात धरून मागची भोकं स्वतः मोजा.

विक्रेता 48 की 96 किलोहर्ट्‌झ हा विषय काढेल. त्यावर निवड करू नका. दोनशे लोकांच्या सभागृहात भिंतीवरून परतणारा आवाज आणि माइकची जागा यांचा परिणाम कितीतरी मोठा असतो. उशीर, म्हणजे लेटन्सी, हाही असाच विषय. एक्स-32 मध्ये आवाज आत जाऊन बाहेर यायला सुमारे 0.8 मिलिसेकंद लागतात. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. गायकाचा मॉनिटर दीड मीटरवर असेल, तर तिथेच चार मिलिसेकंदांहून जास्त गेले. इनइअर, डिजिटल वायरलेस माइक आणि नेटवर्क हे सगळं एकापुढे एक जोडणार असाल तरच बेरीज करा.

4. केबल आणि बसायची जागा ठरवा

मिक्सर श्रोत्यांमध्ये हवा. कोपऱ्यातल्या खोलीत किंवा बाल्कनीखाली बसून केलेलं मिश्रण अंदाजपंचे असतं. मंचापासून तिथपर्यंत जाडजूड स्नेक ओढण्याऐवजी स्टेज बॉक्स आणि नेटवर्कची केबल घ्या. दान्ते किंवा एईएस-50 यांपैकी जी पद्धत तुमच्या मिक्सरला चालते ती. केबल जाड आवरणाची घ्या, टोकांना धातूचे लॉकिंग कनेक्टर लावा आणि पाइपमधून दोन ओढा. एक वापरात, एक राखीव.

फक्त टॅबलेटवर चालणारे मिक्सर स्वस्त पडतात. बेहरिंजर एक्सआर-18 मध्ये 16 माइक आणि 6 ऑक्स मिळतात, फेडर एकही नाही. शाळेच्या कार्यक्रमाला ठीक. बैठकीत तबलजी डोळ्यांनी खूण करतो आणि तेव्हा बोट थेट फेडरवर जायला हवं, म्हणून मी ते सुचवणार नाही. टॅबलेट जोडीला जरूर ठेवा, त्याचा राउटर स्वतंत्र घ्या.

5. वीज, ऊन, धूळ

जुन्या ॲनालॉग मिक्सरची वीज गेली आणि आली, की आवाजही लगेच परत येई. डिजिटल मिक्सर हा संगणक आहे. क्षणभर वीज गेली तरी तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि तोवर सभागृह मुकं. मेनवरून जनरेटरवर जाताना हेच होतं. म्हणून ऑनलाइन यूपीएस मिक्सरच्या खर्चातच धरा. एक्स-32 सारख्या मिक्सरला सव्वाशे वॅटच्या आसपास वीज लागते, तेव्हा 1 केव्हीएचा यूपीएस पुरतो. त्यावर मिक्सर, स्टेज बॉक्स आणि राउटर हे तिन्ही जोडा. स्टेज बॉक्स हमखास विसरला जातो. ॲम्प्लिफायर त्यावर लावू नका. अर्थिंग नीट करून घ्या, नाहीतर तानपुऱ्याखाली हम ऐकू येत राहील.

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा 45 च्या पुढे जातो, आणि बऱ्याच मिक्सरांच्या पुस्तिकेत कामाचं तापमान 40 अंशांपर्यंतच दिलेलं असतं. लू वाहते तेव्हा बारीक धूळ मोटरच्या फेडरमध्ये शिरते. मिक्सर बंद झाल्यावर कापडी झाकण घाला, चालू असताना पंख्याची जाळी मोकळी ठेवा.

6. आपल्याच सभागृहात चाचणी घ्या

दुकानातला डेमो आधीच मुद्रित केलेल्या गाण्यावर होतो, त्यावरून काही कळत नाही. दोन-तीन मिक्सर एका दिवसासाठी मागवा आणि गायक, तबला, पेटी, तानपुरे खरे बसवा.

पहिल्यांदा गेन. डिजिटलमध्ये मीटर शून्याला टेकला की आवाज तिथेच फाटतो, त्याला माफी नाही. गायकाच्या सुरुवातीच्या आलापावर गेन लावू नका. त्याला तार सप्तकातून खाली येणारी सपाट तान पूर्ण खुल्या आवाजात घ्यायला सांगा. ग्वाल्हेरच्या गायकीत ती येणारच. त्या तानेला मीटर उणे 10 च्या आसपास राहील इथे गेन थांबवा. मग गाणं बंद ठेवून फक्त तानपुरे वाजू द्या. एवढ्या गेनवर मिक्सरची स्वतःची खरखर तानपुऱ्याच्या जवारीत मिसळत नसेल, तर त्याचे प्रीॲम्प तुमच्या कामाचे आहेत. गेट, म्हणजे बारीक आवाज आपोआप कापणारी सोय, बंद असल्याची खात्री करा. ढोल-ड्रमसाठी ठेवलेलं तयार सेटिंग तानपुऱ्याचा शेवट कापून टाकतं.

मग वेळ मोजा. ‘तबलजीच्या मॉनिटरमध्ये गायक थोडा वाढवा’ असं सांगा आणि पाहा: नेहमीच्या ऑपरेटरला किती सेकंद लागतात, आणि पहिल्यांदाच मिक्सर पाहणाऱ्याला किती. पाच-सात सेकंदांत जमलं तर उत्तम. तीन पानं उलटावी लागली, तर बैठकीत तोवर सम येऊन गेलेली असेल. माझ्या मते मिक्सर निवडायची हीच सर्वांत मोठी कसोटी आहे.

त्यानंतर सीन, म्हणजे सगळी सेटिंग्ज एकत्र, साठवा, सगळं बिघडवा, सीन परत बोलवा. सगळ्यात शेवटी प्लग काढा. यूपीएस सांभाळतो का ते कळेल. मग यूपीएसही बंद करून मिक्सर पुन्हा उभा राहायला लागणारा वेळ घड्याळावर पाहा.

7. शेजाऱ्यांचाही विचार करा

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 बंदिस्त सभागृहाबाहेर लाउडस्पीकर चालत नाही. म्हणून मुख्य आउटपुटवर लिमिटर हवा आणि तो पासवर्डने लॉक करता यायला हवा. सबवूफर वेगळ्या बसवर घ्या. भिंतीपलीकडे जातो तो मुख्यतः खर्जाचा आवाज, आणि ख्यालाच्या बैठकीला सबवूफर बहुतेक लागतच नाही.

8. विकत घेताना

गावातले साउंडवाले कोणता मिक्सर भाड्याने देतात ते आधी विचारा. तोच किंवा त्याच मालिकेतला घेतलात, तर बिघाडाच्या दिवशी दुसरा मिळतो, तुमची पेनड्राइव्हवरची फाइल त्यावर चालते आणि चालवणारा माणूसही सापडतो. दुरुस्तीसाठी मिक्सर दिल्लीला पाठवायचा, तर सव्वातीनशे किलोमीटर. तोवर पर्यायी मिक्सर देणार का, हे बिलावर लिहून घ्या. पक्कं जीएसटी बिल नसेल तर वॉरंटीला अर्थ उरत नाही.

प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित करता येतो का, तेही पाहा. एक्स-32 च्या यूएसबीवरून 32 ट्रॅक निघतात. कलाकाराची परवानगी घेऊन बैठका जपून ठेवल्या, तर उद्या शिकणाऱ्यांना त्यांचा उपयोग होईल.

या सभागृहासाठी माझी शिफारस अशी: खरे फेडर, स्टेज बॉक्ससह 24 माइक, निदान 8 मिक्स बस आणि 10 आउटपुट. डीएम-3 फक्त बैठका करणाऱ्यांनी घ्यावा. बाकीच्यांनी एक्स-32 किंवा एसक्यू यांतला जो गावात सहज मिळतो तो. आणि पैसे भरण्याआधी माधव संगीत महाविद्यालयात किंवा गावातल्या संगीत विद्यापीठात शिकणारी, सुराची जाण असलेली दोन मुलं शोधा आणि मिक्सर आल्यापासून त्यांना त्यावर बसवा. एकाच ऑपरेटरवर सभागृह चालवू नका.