‘ब्लॉक’ : एक शब्द, अनेक अर्थ

इंग्रजीतील काही शब्द ग्रामीण जीवनात इतके रुळले आहेत की, ते परके वाटत नाहीत. ‘ब्लॉक’ हा त्यांपैकीच एक होय. त्याचा मूळ अर्थ लाकडाचा किंवा दगडाचा ठोकळा. ठोकळा एकसंध असतो आणि वाटेत पडला तर अडवणूकही करतो. पुढील बहुतेक अर्थ या दोन गुणांतून निघाले आहेत.

शिरूर व दौंड तालुक्यांत हे अर्थ शेजारी शेजारी नांदताना दिसतात. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. तेथे दुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवला की, ‘आज ब्लॉक आहे’ असे प्रवासी म्हणतात. ग्रामपंचायत गल्लीत ‘ब्लॉक’ बसविते, ते सिमेंटचे ठोकळे. पुण्यास नोकरीला गेलेला मुलगा ‘ब्लॉक घेतला’ असे कळवितो, तेव्हा ती सदनिका असते. इंग्रजीत हा शब्द सदनिकांच्या संपूर्ण इमारतीस लावतात. मराठीने तो एका सदनिकेस दिला.

कारभारात मात्र ‘ब्लॉक’चा ‘गट’ झाला. १९५२ साली समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा ‘विकास गट’ हे विकासकार्याचे क्षेत्र ठरले. १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि गटविकास अधिकारी हे पद घरोघरी परिचित झाले. दुसरीकडे, १९४७ च्या कायद्याने जमिनींचे एकत्रीकरण झालेल्या गावांत सातबारावर ‘गट क्रमांक’ आला. जिल्हा परिषदेच्या निवडणूक विभागालाही बोलण्यात ‘गट’च म्हणतात. शिवाय महिलांचा बचत गट आहेच. तेथे मात्र मूळ शब्द ‘ग्रुप’ आहे.

बोलताना संदर्भाने अर्थ उमगतो. कागदावर तसे होत नाही. ‘गट क्र. १२ मधील रस्ता’ एवढाच ठराव झाला, तर ती जमीन की निवडणूक विभाग, हे वाचणाऱ्यास कसे कळावे? जमिनीचे गट क्रमांक तर प्रत्येक गावात स्वतंत्रपणे सुरू होतात. गावाचे नाव राहून गेले की अर्ज परत येतो आणि शेतकऱ्यास तालुक्याचा आणखी एक हेलपाटा पडतो.

यास्तव ठराव, नोटीस व अर्ज लिहिताना ‘विकास गट’, ‘निवडणूक विभाग’, ‘जमिनीचा गट क्रमांक’ असा पूर्ण उल्लेख करावा आणि गाव व तालुका नमूद करावा. शाळेतही हा शब्द शिकविताना गावातीलच ही उदाहरणे घेता येतील. दोन शब्द अधिक लिहिल्याने एखाद्याचा दिवस वाचत असेल, तर ते श्रम सार्थकी लागले असेच म्हणावे लागेल.