मामांची 'जपानी' मोटार

दौंड तालुक्यात ऊस पिकवणारे माझे मामा आपल्या २०१३ च्या डिझेल स्विफ्टला 'जपानी मोटार' म्हणतात. त्यात तथ्य किती, हे तपासताना हा लेख झाला.

सुझुकी ही मूळची मागवाली मंडळी. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली हामामात्सु येथे माग बनवण्याचा कारखाना काढला. (इचलकरंजीकरांना हे आपलेच वाटेल!) १९५२ साली इंजिन लावलेली सायकल आणि १९५५ साली 'सुझुलाईट' ही छोटी मोटार निघाली. १९८२ साली मारुती उद्योगाशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली.

इथवर मामांचे खरे. पण स्विफ्टचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन मुळात इटलीच्या फियाटचे. शिवाय जानेवारी २०१२ मध्ये मारुतीने वर्षाला एक लाखापर्यंत अशी इंजिने फियाटच्या रांजणगाव कारखान्यातून घेण्याचे ठरवले. रांजणगाव म्हणजे आमच्या शिरूर तालुक्यातले, महागणपतीचे!

२०२० साली मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या. तेव्हापासून मामा गाडी विकण्याचा विषयही काढू देत नाहीत. उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत तिने अनेक हंगाम काढले आहेत.

न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाताना मी त्यांना हे सांगितले. बराच वेळ ते गप्प होते.

"म्हंजे इंजान तुमच्या तालुक्यातलं?"

"असेलही मामा. प्रत्येक गाडीचे सांगता येत नाही."

"मग आपली पोरं कामाला पुण्याला का जात्यात?"

चौफुला येईपर्यंत मला उत्तर सुचले नाही.