ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि लॅपटॉप एका तालात आणायला किती खर्च येतो?

लग्नसराई संपली की बँजो पार्टीतली पोरं गाणी रेकॉर्ड करायला लागतात आणि बीडला माझ्याकडे येतात. तक्रार बहुतेकांची एकच असते: "दादा, लॅपटॉपवर ठेका लावून वाजवलं की पहिलं कडवं बरोबर येतंय, दुसऱ्या कडव्यापासनं ठेका सटकतोय." माजलगावकडचा एक जण तर याच कारणासाठी 50,000 रुपयांचा नवा कीबोर्ड घ्यायला निघाला होता. त्याचं काम 200 रुपयांच्या वायरीवर भागलं. कष्टाच्या सुपाऱ्यांचा पैसा असा वाया जाऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

दोष कीबोर्डचा नसतो. कीबोर्डवर 120चा टेम्पो लावला आणि सॉफ्टवेअरमध्येही 120 टाकला, तरी दोघं आपापल्या घड्याळावर चालतात. दिंडीच्या दोन टोकांना दोन पखवाजी वाजवत असले की काय होतं, ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. इथंही तेच होतं. उपाय एवढाच, की एकानं ताल द्यायचा आणि बाकीच्यांनी तो घ्यायचा. 1983 साली आलेल्या मिडी पद्धतीत याची सोय आहे. ताल देणारं यंत्र दर मात्रेला 24 ठोके पाठवतं आणि घेणारं यंत्र त्यावर चालतं. सॉफ्टवेअरमध्ये त्या वाद्याकडे 'क्लॉक' पाठवायचं चालू करा आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'एक्स्टर्नल क्लॉक' चालू करा. याला पैसा लागत नाही.

खर्च वायरीचा, आणि तोही वाद्याच्या पाठीमागे बघूनच ठरतो. यामाहाचा पीएसआर-आय 500 किंवा रोलँडचा एसपीडी-30 ऑक्टोपॅड यांना चौकोनी यूएसबीचं भोक असतं. तिथं प्रिंटरला लागते तीच वायर बसते, साधारण 150 ते 300 रुपयांची. जुन्या एसपीडी-20ला मात्र फक्त पाच पिनांचं गोल भोक आहे. त्याला 300 ते 600 रुपयांची मिडी वायर लागते आणि पलीकडं मिडीचं भोक असलेला इंटरफेसही लागतो, म्हणजे वाद्य आणि लॅपटॉप यांना जोडणारं खोकं. बाजारात 500-700 रुपयांना यूएसबी-मिडी वायर मिळते. ती घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो. भरभर वाजवलं की तिच्यात ठोके गळतात, कधी एखादा सूर वाजतच राहतो. चांगल्या कंपनीची वायर 4,000-5,000 रुपयांना पडते. एवढे घालायचे असतील तर थोडे थांबून ते इंटरफेसमध्येच घाला.

इथं बहुतेकांचा एक गोंधळ होतो. मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही. कोणती पट्टी दाबली, केव्हा आणि किती जोरात, एवढीच खबर जाते. आवाजासाठी इंटरफेस घ्यावा लागतो. दोन इनपुटचा चांगला इंटरफेस 8,000 ते 20,000 रुपयांत येतो, प्रत्येक जॅक वायरीचे 200 ते 500 वेगळे. घेताना मागं मिडीची दोन भोकं आहेत का, ते बघाच. रीपर हे सॉफ्टवेअर 60 दिवस फुकट वापरता येतं. पुढं छोट्या व्यावसायिकासाठी त्याचं लायसन 60 डॉलरला आहे, म्हणजे आजच्या हिशोबानं 5,000च्या थोडं वर. लॅपटॉप नसेल तर 8 जीबी रॅम आणि एसएसडी असलेला वापरलेला चालतो, 18,000 ते 25,000पर्यंत. भाव वरखाली होतात, म्हणून दोन दुकानांतून कोटेशन घ्या.

इंटरफेस आला की एक चाचणी करा. इंटरफेसच्या आउटपुटमधून एक वायर काढून त्याच्याच इनपुटला लावा. सॉफ्टवेअरचा टिकटिक आवाज वाजवा आणि तोच पुन्हा रेकॉर्ड करा. आता दोन्ही टिका पडद्यावर एकाखाली एक ठेवून इतक्या मोठ्या करा, की प्रत्येकीचं टोक दिसेल. खालची टीक उजवीकडं सरकलेली दिसते. 48,000च्या सेटिंगवर 240 सॅम्पलचा फरक निघाला तर तो 5 मिलिसेकंद. हा आकडा रीपरच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये भरला की पुढचं सगळं जागेवर पडतं. तरीही वाजवताना आवाज उशिरा ऐकू येत असेल तर 'बफर' 128वर आणा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो. 10 मिलिसेकंद म्हणजे टाळकरी दहा-अकरा फुटांवर उभा असल्यासारखं. तेवढं चालून जातं. 30 झाले की वाजवणाऱ्याचा हात अडखळतो.

सगळी यंत्रं एकाच सॅम्पल रेटवर ठेवा. एकदा माझ्याकडून 44,100वर घेतलेली गवळण 48,000 समजून चालवली गेली. काळी एकचा सूर पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध जाऊन बसला, आणि पेटी त्याच्याशी जुळेना. सगळं पुन्हा गाऊन घ्यावं लागलं.

सप्ताहाची कीर्तनं यूट्यूबवर टाकणाऱ्यांचा प्रश्न याच घरातला. आवाज मिक्सरच्या पेनड्राइव्हवर आणि चित्र मोबाइलमध्ये, म्हणजे पुन्हा दोन घड्याळं. त्यांच्यात लाखात पाच एवढाच फरक असला, तरी दोन तासांच्या कीर्तनाअखेर तो 0.36 सेकंदाचा होतो. महाराजांचे ओठ आधी हलतात किंवा आवाज आधी येतो. याला नवीन कॅमेरा लागत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी, टाळी किंवा टाळाचा ठोका दिसेल तिथं कापून आवाज पुन्हा जुळवा.

भजनाला मात्र संगणकाचा ताल लावू नका, असं माझं ठाम मत आहे. भजनी ठेका ठाय लयीत सुरू होऊन चढत जातो, त्यातच त्याचा जीव आहे. मंडळाला मोकळं वाजवू द्या, आवाज घ्या आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये त्या वाजण्याप्रमाणे टेम्पो आखून घ्या. कीबोर्डचे सूर त्यावर बसवा. यात वेळ जातो, पण मृदंगवाल्याच्या कानाला यंत्र बांधावं लागत नाही.

विजेकडं दुर्लक्ष करू नका. रेकॉर्डिंगमध्ये घूं आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर बहुधा दोष अर्थिंगचा आहे. नीट अर्थिंग घाला, किंवा कीबोर्ड आणि इंटरफेस यांच्यामध्ये 1,500 ते 2,500 रुपयांचा डीआय बॉक्स लावा. वीज जाण्याचा त्रास असेल तर 2,500 ते 4,000 रुपयांचा यूपीएस घ्याच. सेव्ह न केलेला टेक परत येत नाही.

खरेदीची पावती पक्की घ्या, तीवर सीरियल नंबर लिहून घ्या आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. माल खराब निघाला आणि विक्रेता दाद देत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तेवढ्यानं न भागल्यास 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, दुकान मुंबईचं असो की ऑनलाइन. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. आणि दुकानात जाताना आपला ऑक्टोपॅड सोबत न्या, इंटरफेसला तिथंच जोडून पाच मिनिटं वाजवून बघा, मगच पैसे द्या.