सम्यक आजीविका आणि गिरणीतील धोटा

सम्यक आजीविका शिकविताना आम्ही बहुधा अंगुत्तर निकायातील पाच वर्ज्य व्यापार सांगतो : शस्त्रे, सजीव, मांस, मद्य आणि विष. यादी पाठ होते आणि विद्यार्थी निश्चिंत होतो. कापड विणणे त्या यादीत नाही. तरीही मुंबईच्या कापडगिरण्यांत काय चालले होते, हे विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावे.

गिरणीत साचेखात्याची मजुरी इतर खात्यांपेक्षा बरी असे. तेथे कांडी संपली की नवी कांडी धोट्यात बसवून सुताचे टोक छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा आपल्या ओठांना लागेल, म्हणून सवर्ण विणकरांनी त्यांना त्या खात्यात येऊ दिले नाही. अस्पृश्य कामगार कमी मजुरीच्या खात्यांत राहिले.

एप्रिल 1928 मध्ये सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढाऱ्यांनी सतरा मागण्या मांडल्या. त्यांत हा अन्याय नव्हता. सर्व खाती अस्पृश्यांना खुली करण्याची मागणी घ्या, अन्यथा आमचे लोक संपात राहणार नाहीत, असे बाबासाहेबांनी बजावले, तेव्हा कोठे पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती स्वीकारली. मालकांचे उत्तर तर अधिकच बोधप्रद आहे. हा अन्याय असेल, तर त्याला आम्ही जबाबदार नाही, असे ते म्हणाले. कामगार नेमणारे तेच, मजुरी देणारे तेच, नफा घेणारेही तेच! आमच्या मते, शोषणाविरुद्ध लढणाऱ्या पुढाऱ्यांचे मौन याहून कमी दोषास्पद नव्हते.

आमच्या किनवट परिसरातील मुले उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फडावर हिशेबाला बसतात, पुढे दुकानांत, पतसंस्थांत, कचेऱ्यांत नोकरी करतात. समजा, पहाटेपासून जंगलात राबलेली एखादी आदिवासी बाई सत्तर-सत्तर पानांचे शंभर पुडे घेऊन आली. तिला अक्षरओळख नाही. पंचाण्णव लिही, असे मालकाने सांगितले आहे. सांगणारा मालक, लिहिणारा आपला विद्यार्थी. मग जबाबदार कोण? शंभर लिहिले तर उद्याचे काम जाईल. हंगाम थोड्या दिवसांचा असतो आणि त्या पैशांची घरी वाट पाहिली जात असते, हे आम्ही जाणतो. म्हणून दहावीच्या वर्गात पाच वर्ज्य व्यापारांची यादी देण्याआधी आम्ही हाच प्रश्न विचारतो, आणि उत्तरासाठी आठ दिवसांची मुदत देतो.