दुःखाचे गीत प्रभूपुढे गाताना

अभ्यासासाठी: स्तोत्र १३

घरातले माणूस गेले की पुष्कळ जण वहीत चार ओळी लिहितात. ते गीत चर्चमध्ये गायचे म्हटले की आपण पटकन सुचवतो, "शेवट जरा आशेचा करा." आम्हीही तेच केले. मुलगा गमावलेल्या एका मातेच्या गीताला आम्ही आनंदाचे कडवे जोडले. चाल छान बसली. पण तालमीला ती त्या कडव्यापाशी गप्प राहिली. तेव्हा आम्ही स्तोत्रसंहिता पुन्हा उघडली.

दीडशे स्तोत्रांत विलापाच्या स्तोत्रांचा गट फार मोठा आहे. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे. पहिल्या दोन वचनांत, हे कुठवर चालणार, हा प्रश्न चार वेळा येतो. मधल्या दोन वचनांत मागणे आहे आणि विश्वासाचे बोल अखेरीस येतात. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. तरी ख्रिस्तसभेने ते गाळले नाही; शुक्रवारच्या निजण्यापूर्वीच्या प्रार्थनेत त्याला स्थान दिले. प्रभू येशूनेही क्रुसावर बाविसाव्या स्तोत्राच्या प्रारंभीचाच टाहो फोडला (मत्तय २७:४६).

क्रुसाचे संत योहान यांना १५७७च्या डिसेंबरात त्यांच्याच संघातील बांधवांनी पकडले आणि स्पेनमधील टोलेडो येथे अरुंद, अंधाऱ्या कोठडीत डांबले. १५७८च्या ऑगस्टमध्ये ते निसटले. त्या कोठडीत त्यांनी 'आध्यात्मिक गीता'ची बरीच कडवी रचली. त्यात प्रियकर दडून बसला आहे आणि आत्मा त्याला शोधत रानोमाळ फिरतो. प्रेम, विरह आणि श्रद्धेची परीक्षा एकाच गीतात आली. ज्याच्यावर प्रेम आहे, त्याच्याकडेच माणूस अशी तक्रार करतो.

म्हणून गीत लिहिताना आपण तीन गोष्टी ध्यानात ठेवू या.

१. देवाविषयी बोलण्यापेक्षा देवाशी बोलावे. "देव कुठे आहे?" आणि "देवा, तू कुठे आहेस?" यांत फार अंतर आहे. दुसरा प्रश्न ही प्रार्थना आहे.

२. "दुःखाचा सागर" लिहिण्याऐवजी दाराशी राहिलेल्या त्याच्या चपला लिहाव्यात. ऐकणाऱ्याला आपले घर आठवते.

३. आशा उसनी आणू नये. आज जेवढी आहे तेवढीच लिहावी. नसेल तर ती मागावी. मागणे हीदेखील श्रद्धाच.

आम्ही जोडलेले कडवे आम्ही काढून टाकले. २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या दिवशी, त्या मातेचे गीत तिने लिहिले होते तसेच गायले गेले. या वेळी ती शेवटपर्यंत गायली.

चिंतनासाठी: देवाला विचारायचा राहून गेलेला आपला प्रश्न कोणता? या आठवड्यात स्तोत्र १३ वाचून तो एका ओळीत लिहू या.