कोडिंग आवडत नाही, पण आयटीत जायचंय?

बारावीनंतर आयटी म्हटलं की पालकांच्या डोळ्यांसमोर कोडिंगच येतं. मुलीची भाषा चांगली, पण प्रोग्रामिंगमध्ये मन रमत नाही. मग तिला आयटीचं दार बंद, असं घरातच ठरून जातं. तसं मुळीच नाही.

नवं ॲप उघडल्यावर एखाद्या बटणाभोवती कडं उमटतं, शेजारी ‘आधी खातं निवडा’ अशी ओळ येते आणि खातं निवडलं की खूण पुढच्या बटणावर जाते. कोणती खूण कधी दिसावी आणि कधी नाहीशी व्हावी, हे कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं असतं. हे लिहिणं हे पूर्णवेळ काम आहे.

ते नवंही नाही. ॲपलने 1994 मध्ये मॅकच्या सिस्टीम 7.5 सोबत ‘ॲपल गाइड’ हे मदतीचं साधन आणलं. कोणता मेनू उघडायचा हे सांगताना ते त्या मेनूभोवती लाल गोल काढायचं. लेखक त्याची स्क्रिप्ट वर्ड प्रोसेसरमध्ये लिहायचे आणि एखादी पायरी वापरणाऱ्याने आधीच पार केली असेल तर ती गाळायची, अशी अटही घालू शकायचे. या कामातलं खरं कसब मला त्या अटीतच दिसतं. आज बंगळुरूची व्हॉटफिक्स ही कंपनी स्क्रीनवरच्या अशा मार्गदर्शनाच्याच क्षेत्रात आहे. याच क्षेत्रातली वॉकमी ही कंपनी तर 2024 मध्ये सॅप या बड्या सॉफ्टवेअर कंपनीने विकत घेतली.

प्रवेश अर्जातल्या फोटोचंच बघा. ‘कृपया योग्य आकारमानाचे छायाचित्र अपलोड करावे’ या ओळीने कुणाचंच काम होत नाही. ‘फोटो 50 केबीपेक्षा लहान हवा, तुमचा 180 केबीचा आहे’ असं लिहिलं की माणूस लगेच कामाला लागतो. खूण फाइल निवडायच्या बटणावरच हवी आणि फोटो चढला की ती जायला हवी. डेव्हलपरने बटणाचा आयडी बदलला तर खूण दिसत नाही किंवा भलतीकडेच उमटते, म्हणून दर अपडेटनंतर सगळं पुन्हा तपासावं लागतं. आणि लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यांसाठी नुसत्या रंगावर विसंबून चालत नाही.

पदवी कुठलीही चालते. इंग्रजी मात्र नेटकं लिहिता यायला हवं, हे मी पालकांना स्पष्टच सांगतो. एचटीएमएल, सीएसएस आणि थोडी जावास्क्रिप्ट यांची तोंडओळख हवी. त्यासाठी महागड्या क्लासची गरज नाही. इंट्रो.जेएस, शेफर्ड, ड्रायव्हर.जेएस या अशा खुणा दाखवणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररींचा कोड खुला आहे, घरबसल्या सराव होतो. नोकरी शोधताना टेक्निकल रायटर, इन्स्ट्रक्शनल डिझायनर, यूएक्स रायटर ही पदं पाहावीत.

‘एआय हे काम खाणार नाही का?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. साधा मजकूर एआय लिहू लागलंय. नुसत्या मजकुरावर आता करिअर उभं राहणार नाही. माणूस नेमका कुठे अडतो हे मात्र त्याच्या शेजारी बसूनच कळतं, आणि ज्याला ते टिपता येतं त्याला काम आहे.

त्याची परीक्षा घरीच घेता येईल. आईबाबा वीजबिल ऑनलाइन भरायला बसले की मुलाने शेजारी बसावं, तोंडातून शब्द काढू नये आणि ते जिथे थबकतील ती जागा वहीत लिहावी. मग त्या जागांसाठी खुणांची स्क्रिप्ट लिहून पुढच्या महिन्याच्या बिलाला ती त्यांच्याच हातात द्यावी. हे करताना मुलाला कंटाळा आला नाही, तर या वाटेचा विचार जरूर करा.